कार्डाचे देणे वहीत मांडा, मगच ते फिटेल

दीपावलीला आपण वहीपूजन करतो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, 'श्री' लिहिली जाते आणि गतवर्षीचे येणे-देणे नव्या पानांवर ओढले जाते. कोणाकडून किती यावयाचे आणि कोणाला किती द्यावयाचे, हे व्यापाऱ्याला तोंडपाठ असते. तरीही अलीकडे अनेक घरांत एक देणे असे निर्माण झाले आहे, की जे या वहीत उतरतच नाही. ते मोबाइलमधील संदेशांत राहते, टपालाने आलेल्या न उघडलेल्या पाकिटांत राहते आणि कर्त्या पुरुषाच्या मनात रात्रंदिवस ठाण मांडून बसते. ते देणे म्हणजे क्रेडिट कार्डाची थकबाकी.

मुंबई-पुण्याच्या नोकरदारांपुरता हा प्रश्न मर्यादित राहिलेला नाही. कार्ड आता तालुक्यात आणि खेड्यातही पोहोचले आहे. म्हणून या लेखात आपण मोठ्या शहराचे नव्हे, तर नंदुरबारजवळच्या कोरीट गावाचे उदाहरण घेणार आहोत. उदाहरणातील दुकानदार काल्पनिक आहे. हिशेब मात्र खरा आहे आणि तो कोणालाही आपल्या घरी बसून पडताळता येईल.

हंगामाचे चक्र आणि कार्डाचे चक्र

नंदुरबारची मिरची देशभर प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या सुमारास बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते आणि शहराबाहेरच्या पथारींवर ती वाळत पडलेली दिसते. या काळात शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो आणि त्यातून गावच्या दुकानाची उधारी चुकती होते. पथारीवर अवकाळी पाऊस झाला, की व्यापाऱ्याचे नुकसान होते, भाव हलतात आणि उधारी पुढे ढकलली जाते.

कोरीटसारख्या गावात किराणा किंवा बी-बियाण्यांचे दुकान चालवणारा व्यापारी याच चक्रावर जगतो. तो सहा-सहा महिने उधार देतो, कारण पीक निघाल्याखेरीज गिऱ्हाईक पैसे देऊ शकत नाही. ही पद्धत आपल्या वाडवडिलांपासून चालत आलेली असून तिच्यात काही गैर नाही.

कार्डाचे चक्र मात्र वेगळे आहे. खरेदीच्या दिवसापासून साधारण वीस ते पन्नास दिवसांत संपूर्ण रक्कम भरावी लागते. सहा महिन्यांनी येणाऱ्या पैशांच्या भरवशावर पन्नास दिवसांचे कर्ज घेतले, की तोल जाणारच. आपल्या दुकानदाराचे नेमके तेच झाले. सणासुदीचा माल रोखीने घेतल्यास मिळणाऱ्या सवलतीसाठी त्याने पहिल्यांदा कार्ड वापरले. त्या वर्षी उधारी वेळेवर आली नाही. बिलावर 'किमान देय रक्कम' छापलेली होती. ती भरून त्याने वेळ निभावून नेली. नंतर घाऊक व्यापाऱ्याचे देणे दुसऱ्या कार्डाने भागवले, मुलीच्या शिक्षणाचे शुल्क तिसऱ्याने. दोन वर्षांत तीन कार्डांवर मिळून चार लाख रुपये झाले. घरात कोणालाही याचा पत्ता नव्हता.

किमान रक्कम : दिलाशाच्या वेषातील सापळा

आता हिशेब मांडू. कार्डाच्या थकबाकीवर अनेक बँका दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के व्याज आकारतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. एक लाख रुपये थकबाकी असेल, तर एका महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्यावरील कर ६३० रुपये, एकूण ४,१३० रुपये. किमान देय रक्कम थकबाकीच्या पाच टक्के धरली, तर आपण ५,००० रुपये भरतो. त्यातून मुद्दल कमी होते अवघे ८७० रुपये.

असे वर्षभर केले आणि कार्डावर एका रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, तरी चित्र काय दिसते? सुमारे ५७,००० रुपये भरून होतात आणि मुद्दल उरते सुमारे ९०,००० रुपये. शिवाय मागील बिल पूर्ण भरलेले नसेल, तर नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. कार्डावरून रोख रक्कम काढल्यास पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि वर शुल्कही द्यावे लागते.

आपल्या दुकानदाराच्या चार लाखांवर दरमहा १६,५२० रुपये व्याज व कर होतो. त्याने न चुकता दरमहा २०,००० रुपये भरले, तरी कर्ज फिटावयास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल आणि एकूण सुमारे ८,६४,००० रुपये जातील. म्हणजे मुद्दलाहून अधिक रक्कम केवळ व्याज आणि करापोटी द्यावी लागेल.

येथे आणखी एका वाटेविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण ती व्यापाऱ्यांत विशेष रूढ होत आहे. ओळखीच्या दुकानदाराच्या यंत्रावर कार्ड घासावयाचे, प्रत्यक्ष माल न घेता दलाली कापून रोख घ्यावयाची आणि त्या रोखीने दुसऱ्या कार्डाचे बिल भरावयाचे. दर पंचेचाळीस दिवसांनी अडीच टक्के दलाली दिली, तर वर्षाला आठ फेऱ्या होऊन सुमारे २० टक्के रक्कम दलालीतच जाते आणि मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. त्याखेरीज हा व्यवहार कार्डाच्या कराराचे उल्लंघन आहे. यंत्र देणाऱ्याच्या खात्यात खोटी विक्री दिसते आणि तिचा जाब त्याला करअधिकाऱ्यांपुढे द्यावा लागू शकतो. मैत्रीखातर कोणी आपले यंत्र मागितले, तर नम्रपणे नकार द्यावा. त्यात त्याचेही हित आहे.

न वाचलेला कागद

१८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजराती सावकारांच्या घरांतील कर्जरोखे आणि वह्या ताब्यात घेऊन जाळल्या. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या असंतोषाच्या मुळाशी अनेक कारणे होती. पण एक कारण असे, की ज्या कागदावर शेतकरी अंगठा उठवीत असे, तो त्याला वाचता येत नव्हता आणि चक्रवाढ व्याज कसे वाढते हे त्याला समजत नव्हते.

आपल्यापैकी काहींचे पूर्वज त्या काळी सावकारी पेढ्या चालवीत होते. व्याजाचे गणित आपल्या रक्तात आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. तरीही त्याच घराण्यांतील सुशिक्षित तरुण आज करार न वाचता मोबाइलवर 'मान्य' म्हणून बोट टेकवतो आणि बिलाची दुसरी बाजू कधीच पाहत नाही. दीडशे वर्षांत लेखणीची बाजू बदलली. न वाचलेला कागद तसाच राहिला.

जुन्या हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो नियम पाळीत. बँकेच्या कार्डाला असे कुंपण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. कायद्याची एखादी कमाल मर्यादा आपल्याला वाचवील, ही आशा बाळगू नये. मर्यादा आपली आपणच घालावयाची आहे.

पहिली पायरी : घरात सांगणे

कर्जातून बाहेर पडण्याचे उपाय पुष्कळ आहेत. पण त्यांतील एकही उपाय गुप्तपणे होत नाही. दागिना गहाण ठेवावयाचा तर पत्नीला सांगावे लागते, ठेव मोडावयाची तर वडिलांना, खर्च आवरावयाचा तर मुलांना. म्हणून घरात बोलणे ही पहिली पायरी आहे आणि तीच सर्वांत कठीण आहे.

आपल्या समाजात पत हीच पुंजी मानली जाते. देणे झाले हे कळले, तर पत जाईल, मुलामुलींचे संबंध जुळण्यात अडचण येईल, संघात मान खाली घालावी लागेल, या भीतीने माणूस गप्प राहतो. गप्प राहण्याची किंमत मात्र दरमहा वाढत जाते. प्रतिक्रमणात आपण घडलेल्या दोषाची आलोचना करतो, कारण दोष उघड मान्य केल्यावाचून शुद्धी होत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. हिशेबाच्या बाबतीतही हेच खरे आहे. एका संध्याकाळी सर्व कार्डांची बिले समोर मांडावीत आणि प्रत्येक कार्डाची थकबाकी, व्याजदर, देय तारीख व थकलेले हप्ते एका कोऱ्या पानावर लिहावेत. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या हाताला हे काम अर्ध्या तासाचे आहे.

आणि हे ऐकणाऱ्यांनाही एक विनंती. ज्या दिवशी मुलगा किंवा पती हे सांगावयास बसेल, त्या दिवशी दोषारोप करू नका. ते नंतर करता येतील. त्या दिवशी केवळ आकडे विचारा. कर्जाच्या ओझ्याखाली मनात टोकाचे विचार येऊ लागले, तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहे. चार लाख रुपये पुन्हा मिळवता येतात. माणूस मिळवता येत नाही.

दुसरी पायरी : महाग कर्जाच्या जागी स्वस्त कर्ज

यादी झाल्यावर सर्व कार्डांवरील खरेदी त्याच दिवशी थांबवावी. त्यानंतर घरात काय आहे ते पाहावे. आपल्या दुकानदाराच्या दुकानात पडून राहिलेला माल होता. तो कमी नफ्यात विकून ६०,००० रुपये उभे राहिले. बँकेत ९०,००० रुपयांची मुदत ठेव होती. ठेवीवर सात टक्के मिळतात आणि कार्डावर ४२ टक्के जातात, हे समोरासमोर लिहिल्यावर ठेव मोडण्याचा निर्णय अवघड राहिला नाही. पत्नीने स्वतःहून काही दागिने पुढे केले आणि त्यांवर सुमारे दहा टक्के दराने एक लाखाचे सोनेतारण कर्ज मिळाले. स्त्रीधनावर हक्क स्त्रीचा असतो. ते मागून घ्यावे, गृहीत धरू नये आणि सोडवण्याची तारीख तिच्यासमोर लिहावी.

उरलेल्या दीड लाखासाठी त्याने १८ टक्के दराने चोवीस महिन्यांचे वैयक्तिक कर्ज घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ७,४९० रुपये. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एक लाखाच्या अशा कर्जाचा हप्ता सुमारे ४,९९० रुपये येतो, म्हणजे कार्डाच्या पहिल्या किमान रकमेइतकाच. तेवढेच पैसे दरमहा खिशातून जातात. पण कार्डावर वर्षभरात केवळ दहा हजार मुद्दल फिटते आणि येथे दोन वर्षांत सर्व कर्ज संपते.

पूर्वी कार्डांवर जाणारे दरमहा २०,००० रुपये त्याने तसेच बाजूला काढणे चालू ठेवले. हप्ता भरून उरलेली रक्कम सोनेतारणाकडे वळवली, तेव्हा नऊ महिन्यांच्या आत दागिने घरी आले. त्यानंतर पूर्ण रक्कम वैयक्तिक कर्जाकडे लावल्यास, मुदतपूर्व फेडीचे शुल्क वगळता, सर्व देणे साधारण सव्वा वर्षात संपते. त्यात घरचे दीड लाख गेले हे खरे; पण साडेतीन वर्षांचे दास्य टळले.

हे सर्व हप्ते थकण्यापूर्वी करावे. पत-अहवाल बिघडला, की स्वस्त कर्जाचे दरवाजे बंद होऊ लागतात. नवे कर्ज मिळत नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडेच थकबाकीचे मासिक हप्त्यांत रूपांतर करून मागावे आणि दर व शुल्क लेखी घ्यावे. अनेक कार्डे असतील, तर सर्वांची किमान रक्कम भरून उरलेला प्रत्येक रुपया सर्वाधिक व्याजाच्या कार्डाकडे वळवावा. समाजाच्या पतसंस्थेकडे किंवा नातेवाइकांकडेही विचारणा करण्यास संकोच नको. मात्र नातेवाइकांकडून घेतलेली रक्कम वहीत तारखेसह लिहावी आणि ती बँकेमार्फतच घ्यावी. २०,००० रुपये वा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

आणि धंद्याच्या गरजेसाठी धंद्याचेच कर्ज घ्यावे. २०२१ च्या जुलैपासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते आणि बँकांच्या अग्रक्रम कर्जासाठी ते पात्र ठरतात. कॅश क्रेडिट किंवा मुद्रा कर्ज यांची कागदपत्रे कार्डाहून अधिक लागतात हे खरे. पण हंगामाच्या उधारीचा भार पेलण्यासाठी तीच योग्य साधने आहेत.

तडजोड आणि आपले अधिकार

थकबाकी फारच वाढली असेल, तर काही वेळा बँक कमी रकमेवर तडजोड करते. तो ऋणकोचा हक्क नव्हे; बँकेच्या धोरणावर ते अवलंबून असते. तडजोड झाल्यास पत-अहवालात 'पूर्ण भरणा' असे न लिहिता 'तडजोड' अशी नोंद राहते आणि पुढे कर्ज मिळण्यात अडथळा येतो. म्हणून पूर्ण भरणे शक्य असेल, तर तेच करावे. तडजोड करावयाचीच असेल, तर बँकेचे लेखी पत्र हाती आल्याखेरीज पैसे देऊ नयेत, वसुली प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही भरू नये आणि शेवटी देणे नसल्याचा दाखला घ्यावा.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांविषयी सविस्तर निर्देश दिले आहेत. त्यांनुसार न मागितलेले कार्ड देता येत नाही. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक विलंब झाल्यावरच विलंबशुल्क लावता येते. देणे चुकते करून कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावयाचे असते. न केल्यास ग्राहकाला दर दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, धमकी देऊ नये, शेजारी किंवा नातेवाइकांपुढे अपमान करू नये, असेही रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. केवळ कार्डाची थकबाकी राहिली म्हणून अटक होत नाही. मात्र दिलेला धनादेश वटला नाही, तर तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. म्हणून कोऱ्या किंवा भरवसा नसलेल्या तारखेचे धनादेश देऊ नयेत.

तक्रार असल्यास आधी बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. देशातील चारही पत-माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण पत-अहवाल विनामूल्य मिळतो. तो दरवर्षी मागवून, फिटलेले कर्ज फिटलेले दिसते आहे ना, हे तपासावे.

वहीचे पान

बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. त्यांत पहिला गुण न्यायाने मिळवलेले धन हा आहे आणि उत्पन्नाच्या प्रमाणात खर्च करणे हाही त्यांतीलच एक. श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात आपण किती बाळगावे याची मर्यादा स्वतः ठरवतो. त्याच वहीत एक ओळ वाढवता येईल : या घरात किती कार्डे असतील आणि एका महिन्यात त्यांवर जास्तीत जास्त किती खर्च होईल. मर्यादेत वापरलेले आणि दरमहा पूर्ण भरलेले कार्ड उपयोगाचे साधन आहे. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आपल्या दुकानदाराने पुढच्या दीपावलीला नव्या वहीत देण्याच्या बाजूला कर्जाची उरलेली रक्कम लिहिली. ती पूर्वीहून कितीतरी कमी होती. कार्ड आता त्याच्याकडे एकच आहे; त्याचे बिल रोजच्या कीर्दीत चढते आणि संध्याकाळी पत्नीही ते पाहते. येत्या वहीपूजनाला आपणही मोबाइलमधील बिले एकदा पानावर उतरवून पाहावीत. रक्कम मोठी निघाली, तरी ती निदान दिसेल, आणि दिसलेले देणे फेडण्याची रीत आपल्या घरांना ठाऊक आहे.